तक्रारमावशींनी पुरलेल्या बॅटऱ्या

शिवणकाम करणाऱ्या मावशींना सारी गल्ली तक्रारमावशी म्हणे, आणि उगाच म्हणत नसे. शेजारचा कोंबडा, चौकीदाराचं घोरणं, भिंतीपलीकडे राहणाऱ्या थोरल्या जावेच्या कुकरची शिट्टी, कशाकशावर त्यांनी तक्रार ठोकली नव्हती! शिट्टीसाठी तर थेट प्रदूषणाच्या कार्यालयात गेल्या होत्या.

त्यामुळे कपड्यांच्या तारेसाठी खांब पुरताना घरामागे कुंपणालगत फुटक्या बॅटऱ्यांचा थर निघाला, तेव्हा त्यांच्या शब्दाला कवडीची किंमत उरली नव्हती. जागा जुन्या भंगारवाल्याची. तो कधीच गाशा गुंडाळून गेला होता, आणि आता त्याच जागेत, कुंपणापलीकडे, जावेचा पालक माजला होता. जावेची सून पोटुशी. तिच्या ताटात रोज तोच पालक.

"या, कुकरवाल्या बाई," कार्यालयातला साहेब म्हणाला. "आज काय, कढई वाजते?"

मावशींनी काळी माती, बॅटऱ्यांतलं शिसं, पोरीचं पोट, सगळं सांगितलं. साहेबाने "बघू" म्हणून चहा मागवला, तोही स्वतःपुरता.

जावेने दारातूनच परतवलं. "माझं हिरवं तुझ्या डोळ्यांत खुपतं, दुसरं काय!"

खुपत होतंच. पण येणाऱ्या बाळासाठी मावशी गुपचूप झबली शिवत होत्या, आणि आता हातातली सुई चालेना. जीव नुसता टांगणीला लागला होता. खऱ्याला कुणी विचारत नाही म्हटल्यावर त्यांनी खोट्याला कामाला लावलं.

कुंपणाशी जाऊन कडाडल्या, "मीच पुरल्यात बॅटऱ्या, जाऊबाई! तुमचा मळा जळावा म्हणून! काय करायचं ते करा!"

हे मात्र जावेला लगेच पटलं. पालक त्याच दुपारी बंद झाला, सुनेचं रक्त तपासायला गेलं, आणि जाऊ तरातरा कार्यालयात पोचली. तिने जन्मात कधी तक्रार केलेली नव्हती, म्हणून साहेबही धावत आला. मातीत शिसं निघालं, भरपूर. नोटीस निघाली मावशींच्या नावाने.

"बाई, हा थर तुमच्या सासूबाईंच्या काळचा दिसतोय," नोटीस देताना साहेब म्हणाला. "मी पुरलं नाही, एवढं लिहून द्या."

"पोरीचा रिपोर्ट येऊ दे. तोवर मीच पुरलंय, नाहीतर जाऊबाई पुन्हा पालक वाढतील."

जाऊ रिपोर्ट घेऊनच फाटकात उभी होती. सगळं ऐकून तिचे डोळे भरून आले. "वेळेत थांबलं म्हणाले डॉक्टर," ती कशीबशी बोलली, आणि मग साहेबाकडे वळून ओरडली, "आधी माझं लिहून घ्या! ही बाई एक नंबरची खोटारडी आहे. हिने काहीसुद्धा पुरलेलं नाही!"