विशाखा मॅडमचं मत

औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजात विशाखा मॅडम राज्यशास्त्र शिकवायच्या. दरवर्षी त्या मुलांची अभिरूप संसद भरवत आणि सभापतीच्या खुर्चीवर स्वतः बसत. यंदा सरहद्दीवरचं वातावरण तापलं होतं, मॅडमच्या सैन्यातल्या धाकट्या भावाची, आकाशची, मंजूर रजा रद्द झाली होती. प्राचार्यांनी सुचवलं, या वर्षी राहू द्या. मॅडम म्हणाल्या, देश काल्पनिक ठेवते.

त्या काल्पनिक देशाचं युद्ध कित्येक वर्षं चाललं होतं आणि सरकार सैन्यासाठी आणखी पैसा मागत होतं. श्रेयानं कपात प्रस्ताव मांडला. युद्ध सभागृहाच्या पैशावर चालतं. तो रोखायचा अधिकार वापरायचाच नसेल तर आपण इथं बसायचं कशाला, असा तिचा सवाल होता. उत्तराला ऋतुराज उठला. पैसा थांबला की आधी उपाशी राहतो तो खंदकातला जवान, मंत्री नाही, एवढंच तो शांतपणे बोलला. मॅडमना दोघांचंही पटत होतं. मायनं नुकतेच आकाशला लोकरीचे मोजे पाठवले होते, तेही मधेच आठवले.

मतं समसमान पडली. अशा वेळी सभापतीनं निर्णायक मत देताना आहे तेच चालू द्यावं अशी प्रथा, ती मॅडमनीच शिकवलेली. तरी त्या उभ्या राहिल्या.

"जवानांना सुखरूप परत आणण्यापुरता पैसा ठेवा, बाकीचा थांबवा. माझं मत प्रस्तावाच्या बाजूनं."

टाळी कुणीच वाजवली नाही. मागच्या बाकावर एक मोबाइल उंच धरलेला होता.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ शहरभर फिरला. त्यात काल्पनिक देश नव्हता, पहिलं अर्धं वाक्यही नव्हतं. 'बाकीचा थांबवा' एवढंच होतं आणि खाली लिहिलेलं, जवानाची बहीण सैन्याविरुद्ध. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत माणसं त्यांना बघून बोलायची थांबू लागली. एक अनोळखी माणूस दारात आला. त्यानं माय गोजरबाईला अदबीनं विचारलं, मुलगा कुठल्या पलटणीत हाय? मायनं कौतुकानं सांगून टाकलं. मॅडम घरी आल्यावर हे कळलं आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.

प्राचार्यांनी मॅडमकडं लेखी माफीनामा मागितला. मॅडमनी दिला नाही. चौकशी होईपर्यंत त्यांचे तास दुसऱ्याला दिले गेले.

मग आकाशचा फोन आला.

"ताई, साहेबांनी बोलावून तो व्हिडिओ दाखवला."

"पूर्ण दाखवला का?"

"नाय. तेवढाच."

मॅडमनी त्याला आपलं वाक्य पहिल्यापासून सांगितलं.

"आमाला परत आणायचं, असं कुणीच म्हनत नाय, ताई," तो म्हणाला. मग आवाज उतरला. "आता फोन लागनार नाय. आमाला पुढं हलवतेत. मायला काय सांगू नको."

पुढं चौकशी आटोपली, मॅडमना तास परत मिळाले. अभिरूप संसद मात्र कायमची बंद झाली. वर्गात अंदाजपत्रकाचा धडा आला की मुलं खाली बघत बसतात, श्रेयासुद्धा.

आकाशचा फोन अजून लागलेला नाही. माय रोज विचारायची, मॅडम रोज रेंज नसंल म्हणायच्या. या आठवड्यात मायनं विचारायचं सोडलंय.