दारू न्हाई, ताप!

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागं हेच सांगताना आमच्या एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा. माझी बायको अजून हसते, मग तुम्हीच का मागं राहायचं?

मी ट्रक चालवतो. घर सोनईला. सुप्याच्या एमआयडीसीत माल भरायचा आणि जिल्ह्यात कुठं कुठं पोचवायचा, हे माझं काम. त्या दिवशी पुठ्ठ्याचे खोके कोपरगावला न्यायचे होते. गाडी आदल्या दिवशीच भरून घरी आणलेली. सकाळी उठलो, तर अंगात असा ताप, की बायकोनं, शोभानं, कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"आवं, आज नका जाऊ. शेठला फोन करा."

"काय सांगू फोन करून? सर्दी झालीय म्हनून?"

"मग काय मेल्यावर सांगनार?"

आता तिचं ऐकायला हवं होतं का नाही? पण शेठ चारचौघांत सांगतात, "बबनच्या ताब्यात माल दिला की मी निवांत." एवढं ऐकलं की माझी छाती टायरसारखी फुगते. आणि छाती फुगली की डोकं बंद पडतं.

जाता जाता मेडिकलमधून गोळी घेतली. मेडिकलवाला म्हणाला, "दाजी, हिच्यानं लई झोप येती. खाऊन पडून ऱ्हावा. गाडीवर बसू नका."

मी "बरं, बरं" म्हणालो, त्याच्याच बाटलीतल्या पाण्यानं गोळी गिळली आणि गाडीवर बसलो.

राहुरीवरून हमरस्त्याला लागलो, कोल्हारचा पूल ओलांडला. पुढं आरटीओची गाडी उभी. खाकी कपड्यातल्या एका मॅडमनी हात केला. गाडी बाजूला घेतली.

"मामा, जरा खाली उतरता का?"

उतरलो. उतरताना पाय जरा लटपटला. मॅडमनी माझ्याकडं निरखून पाहिलं.

"डोळे का एवढे लाल झालेत?"

झालं! ट्रकचा ड्रायव्हर आणि लाल डोळे! पुढचं वाक्य माणसं तोंडानं बोलत नाहीत, नजरेनं बोलतात.

अहो, मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण पटतं कुणाला? लग्न जमत होतं तेव्हा माझे सासरे न सांगता, भलत्याच वेळी आमच्या घरी यायचे आणि माझ्याशी बोलताना अगदी जवळ सरकून बसायचे. मला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे! ते तोंडाचा वास घेत होते, हे लग्न झाल्यावर कळलं.

तर मॅडमचं ते वाक्य ऐकून माझी सटकली.

"मॅडम, मी पीत न्हाई! आना तुमचं मशीन!"

"अहो, पण मी कुठं म्हणाले..."

"तुमी म्हनला न्हाई, पन मला कळलं! आना मशीन!"

त्यांच्याबरोबर एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी मुकाट्यानं मशीन आणलं. मी खोकत खोकत, सगळा जीव एकवटून फुंकलं. मशीनवर शून्य आलं!

"बघितलं?" मी म्हणालो. शेजारी दोन-चार गाडीवाले थांबले होते. त्यांच्याकडंही मी सरपंचपदाला निवडून आल्यासारखं पाहून घेतलं.

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "मग डोळे कशानं लाल झाले?"

आता बघा, इथं "धुरळा गेला" म्हणालो असतो, तर विषय मिटला असता. पण मला वाटलं, बाईंचा मशीनवर विश्वास नाही. आणखी पक्का पुरावा द्यायला पाहिजे.

"ताप हाय मॅडम! दारू न्हाई, ताप! हात लावून बघा!"

हवालदारांनी माझं मनगट धरलं. "मॅडम, गडी लई तापलाय."

"आन रातभर डोळ्याला डोळा न्हाई! नाक बंद! म्हनून डोळं लाल!"

"औषध घेतलंत का काही?" मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. मला वाटलं, पटलं बाईंना!

"घेतलं की! ही बघा गोळी. हिच्यानं झोप येती. म्हनून पाय लटपटला, दारूनं न्हाई!"

"गाडी चालवू नका, असं नाही सांगितलं दुकानदारानं?"

"सांगितलं की! इचारा त्याला!"

तुम्ही हसताय. पण तेव्हा मला खरंच वाटत होतं, की मी केस जिंकत चाललोय.

मग मी साक्षीदार काढला. शोभाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"शोभे, ह्या मॅडमना सांग, मी दारू पितो का?"

"दारू?" तिकडून आवाज आला. "सकाळी चहा बी गेला न्हाई त्यांना! मॅडम, अंगात ताप हाय, धड उभं ऱ्हाता येत न्हवतं. मी नको नको म्हनले, तरी गेले. तुमी त्यांना तिथंच धरून ठिवा. मी येते!"

फोन बंद.

"ऐकलं?" मी म्हणालो. "माजी बायको कदी खोटं बोलत न्हाई."

"पटलं," मॅडम म्हणाल्या.

एवढ्यावर तरी थांबावं ना? पण मला शेवटचा, एकदम जालीम पुरावा आठवला.

"आन पिलेला मानूस आसता, तर मघाशी ब्रेक लागला आसता का? डोळा लागला हुता माजा. उघडला तर उसाची ट्रॉली ही अशी नाकाम्होरं! तरी दाबला का न्हाई ब्रेक?"

 शेजारचे गाडीवाले एकमेकांकडं बघायला लागले.

"ट्रॉलीवर कुणी बसलं होतं, मामा?" मॅडमनी हळूच विचारलं.

बसलं होतं. उसाच्या मोळ्यांवर तोडणीवाल्या बायका बसल्या होत्या. ब्रेक करकरला तेव्हा त्यातल्या एकीनं वळून माझ्याकडं पाहिलं होतं. तिच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं. मॅडमनी विचारेपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं, आणि मी मान खाली घालून "व्हय" म्हणालो. 

"दारूचा प्रश्नच नाही, मामा," मॅडम म्हणाल्या. "पण असं आजारी असताना, झोप आणणारी गोळी खाऊन गाडी चालवणं हाही गुन्हा आहे. चलन करावं लागेल. आणि आता तुम्ही स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

आणि एवढं होऊनही मी काय विचारावं?

"पुरावा काय हाय तुमच्याकडं?"

हवालदार म्हणाले, "आवं, तुमीच दिला की सगळा!"

चलन झालं. शेठला मॅडमनीच फोन लावून दिला. आता नोकरी जाणार, म्हणून मी फोन कानापासून लांब धरला. तरी शेठ ऐकू आलेच.

"आरं येड्या, ताप होता तर सांगायचं ना! खोके काय नासतात का? दुसरा ड्रायव्हर पाठिवतो. तू गप झोप!"

म्हणजे एका फोनचं काम होतं! शेजारच्या चहाच्या टपरीमागं बाज होती. हवालदारांनी मला तिच्यावर आडवं केलं, अंगावर स्वतःचं जाकीट टाकलं. मी असा झोपलो, की बदली ड्रायव्हर गाडी घेऊन गेला, तेही कळलं नाही.

जाग आली तेव्हा शोभा उशाला बसली होती. हवालदारांना फोनवर जागा विचारून एसटीनं आली होती, डब्यात मऊ भात घेऊन. चार घास खाल्ले, घाम फुटला, जरा माणसात आलो. मॅडम निघायच्या तयारीत होत्या. उठून हात जोडले.

"मॅडम, माजं चुकलंच. पन एक सांगा. माजे डोळे तुमाला एवढ्या लांबून कसे दिसले? गाडी तर मी उतरायच्या आदीच अडवली हुती."

"डोळे कुठं दिसतात लांबून?" मॅडम म्हणाल्या. "तुमच्या ताडपत्रीचा दोर सुटून लोंबत होता. चाकात जाईल, बांधून घ्या, एवढंच सांगायचं होतं. डोळ्यांचं मी आपलं काळजीनं विचारलं."

जीप निघून गेली. मी बाजेवर मटकन बसलो. शोभाकडं बघायची हिंमत होईना. शेवटी म्हणालो, "तरी एक बरं झालं. मी पिलेलो न्हवतो, ह्ये सगळ्यांसमोर सिद्ध झालं."

शोभानं डब्याचं झाकण लावलं.

"व्हय की," ती म्हणाली. "आता दारूवर ढकलायची बी सोय ऱ्हायली न्हाई. एवढा येडेपना तुमी शुद्धीत ऱ्हाऊन केला!"