घारीच्या ओंजळीतला हुरडा

चहा घेत घेत ऐका, पण मधी हसायचं न्हाय. वय झालं की माणसाला शहाणपण येतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा माझ्याकडं बघावं. तीस पोरांसमोर, एका साहेबासमोर, माझ्याच रानात मी असा काही तोंडघशी पडलोय म्हणता!

माझी नात आरू सातवीत. तिच्या शाळेत माढ्याकडनं एक नव्या मॅडम आल्यात. एवढीशी पोर, पण आवाज खणखणीत. ऐन हुरड्याच्या दिवसांत मंद्रूपला आमच्या दारात येऊन उभ्या.

"आप्पा, तुमच्या रानात एक तास घ्यायचाय. अन्नातली ऊर्जा कुठून येते, कुठं जाते, ते मुलांना दाखवायचंय."

"का? शाळेचं छप्पर उडालं व्हय?"

"छप्पर आहे. ज्वारी नाही."

घ्या! मला गप करणारं माणूस गावात निपजलं न्हवतं, ते माढ्यानं पाठवलं.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. केंद्रप्रमुख साहेब पाठ बघायला येणार होते. त्यांचं म्हणणं, पोरं बाहेर नेली की नुसती हुंदडतात. हा पाठ फसला की मॅडमचे बाहेरचे तास बंद!

"तुम्ही फक्त हुरडा भाजा, आप्पा. वाटायचं माझ्याकडं सोडा."

हे मला टोचलं. रान माझं, आगटी माझी, आन वाटणार दुसरं? आमच्याकडं हुरड्याला आलेला माणूस "आता पुरे" म्हणून हात जोडतो, तेव्हाच त्याची सुटका. पण म्हटलं, असू दे.

ठरल्या दिवशी मी आगटीत गवऱ्या पेटवल्या, कणसं खुपसली, चोळून पाटीभर हुरडा मॅडमच्या हवाली केला आन आणखी कणसं मोडायला रानात शिरलो. त्यांनी पोरांना काय समजावलं, ते सगळं माझ्या पाठीमागं झालं. तिथंच घोळ झाला.

परत येऊन बघतो तर काय! पोरं चार रांगांत बसलेली. पहिल्या रांगेपुढं हुरड्याचा ढीग, पोरं गाल फुगवून खातायत. दुसऱ्या रांगेला मूठ मूठ. तिसऱ्या रांगेला चिमूट. आन शेवटची रांग? एकेक दाणा! त्या रांगेत माझी आरू, ओंजळीत एक दाणा घेऊन बसलेली. आन तिच्या शेजारी, उशिरा आलेले केंद्रप्रमुख साहेब. त्यांच्याबी हातावर एकच दाणा!

माझं डोकंच फिरलं. पंगतीत भेदभाव? तेबी माझ्या रानात? साहेब तालुक्याला जाऊन काय सांगेल, मंद्रूपच्या म्हाताऱ्यानं दाणे मोजून दिले?

मॅडम बाभळीला टांगलेल्या तक्त्याकडं वळल्या. मी साधली वेळ! उपरण्यात गरम हुरडा घेतला आन वाकून शेवटच्या रांगेच्या ओंजळी भरल्या. आरू डोळे मोठे करून मान हलवतीय. मला वाटलं, पोर लाजतीय.

"खा गं! कोण बोलतंय बघतो मी."

साहेब काहीतरी म्हणायला गेले. "तुमी गप खावा," म्हटलं, आन त्यांच्या वहीवरच पसाभर ओतला.

मॅडम वळल्या. "तर मुलांनो, घारीपर्यंत किती पोचलं?"

घारी म्हंजे शेवटची रांग! त्यांनी ओंजळी पुढं केल्या. सगळ्या शिगोशीग!

मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. साहेबानं वहीवरचा हुरडा झटकून पेन उघडलं. म्हटलं, आता मॅडम रडणार. पण कसलं काय! शांतपणे म्हणाल्या, "ज्वारीनं खाल्लं, टोळानं खाल्लं, सरड्यानं खाल्लं. तरी घारीकडं सगळ्यात जास्त. असं होईल? ही जादाची ऊर्जा आली कुठून?"

पोरं पेटली की!

"हुनार न्हाय, मॅडम! बाहेरनं आलीया!"

"कशावरून?"

एक बारकी पोरगी उठली. "आमचा हुरडा कवाच गार झाला. ह्यांचा गरम हाय. आगटीवरनं थेट आलाय."

तीस मुंडकी माझ्याकडं वळली. मी उभा, उपरणं काळं, हात काळे. मग काय, वरडलो. "पोरांना उपाशी ठिवता आन वर शिकवता व्हय?"

"आप्पा," मॅडम म्हणाल्या, "सकाळी किती भाकरी खाल्ल्या?"

"तीन."

"आता त्या कुठं आहेत?"

"कुटं म्हंजे? हिंडण्यात गेल्या, राबण्यात गेल्या. अंगात ऊब हाय ती कशाची?"

"तेच! ज्वारी उन्हावर वाढते, पण बरंचसं तिच्याच जगण्यात खर्च होतं. टोळाचंही तसंच, सरड्याचंही. पुढच्याला उरतं थोडंच. आता सांगा, तुमच्या रानात ज्वारीची ताटं किती, आणि वर घारी किती?"

मी वर बघितलं. एवढं रान कणसांनी भरलेलं, आन आभाळात घार एकच. साठ वर्षं ह्या रानावर घार बघतोय हो मी! ती एकटीच का, हे एकदाबी मनात आलं न्हाय. ह्या पोरीनं पाटीभर हुरड्यात दाखवलं. मान खाली घातली आन मनातल्या मनात हात जोडले.

पण साहेबाचं पेन चाललेलं. जाताना शेरा लिहून वही मॅडमच्या हातात दिली. मॅडम वाचून अशा हसल्या की डोळ्यांत पाणी. मला वाचायला कुठलं येतंय? आरूला म्हटलं, "वाच की गं! तास बंद का चालू?"

"चालू, आप्पा! पाठ अतिउत्तम लिहिलंय. मुलांनी स्वतः विचार केला, लिहिलंय."

माझी छाती फुगली. "माझं नाव हाय का कुटं?"

"नाव न्हाय. पण तुमी हायसा."

"कुटं?"

आरूनं बोट ठेवून वाचलं, "वापरलेले शैक्षणिक साहित्य: तक्ता एक, हुरडा पाटीभर, आजोबा एक. सदर साहित्य जुने आहे, पुढील वर्षासाठी जपून ठेवावे."