बेलाच्या पानातली तार

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तोवर त्यांनी केकचा तुकडाही चाखला नव्हता. केकात अंडं असतं, हे त्यांचं मत. पाथरीच्या बाजारात जन्मभर कापड विकलेल्या माणसाचं मत फाडून दिलेल्या कापडासारखं असतं, परत घेतलं जात नाही. घर शिवभक्तांचं, गळ्यात इष्टलिंग, अंड्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. अडचण एवढीच की त्यांची लेक, म्हणजे माझी बायको, परभणीत घरी केक करून विकते. अंडं न घालता. हे ती त्यांना दर दिवाळीला सांगते आणि दर दिवाळीला ते "आसंल माय" म्हणून बशी माझ्याकडे सरकवतात. जावई म्हणून मला मिळालेला हा एकमेव मान मी कधी नाकारला नाही. बायकोला मात्र बापाने आपल्या हातचा एक घास खावा, एवढंच हवं होतं.

अमृतमहोत्सव मेहुण्याने ठरवला. आप्पांना विचारलं नव्हतं. ते उत्सवमूर्ती होते आणि मूर्तीला कोणी विचारत नाही. मेहुण्याला नगरसेवक व्हायचं आहे. चौकातल्या फ्लेक्सवर आप्पांचा चेहरा प्रमुख पाहुण्यांपेक्षा बराच लहान होता, आणि केकवरही तीच व्यवस्था हवी, असं त्याने फोनवर कळवलं. पुढाऱ्यांचे फोटो कापून तारांवर उभे करायचे. ज्याचं पद मोठं त्याची तार उंच.

"आणि आप्पा?" बायकोने विचारलं.

"आप्पा खाली, मधोमध."

पुढाऱ्यांना तिने हरकत घेतली नाही. तिचा बेत वेगळा होता. फोटोंच्या खाली तिने बेल लावायचं ठरवलं. साखरेचा गोळा पातळ लाटून पानं कापली, शिरा उमटवल्या, प्रत्येक पानाच्या पोटात बारीक तार घातली आणि तीन तारा हिरव्या पट्टीने गुंडाळून एक देठ केला. तिचं म्हणणं सरळ होतं: बेल आणि अंडं एका ताटात कोणी ठेवत नाही. बेल दिसला की आप्पांचा संशय फिटणार. धर्मावरची बरीच जाड पुस्तकं मी वाचली आहेत. इतका आटोपशीर युक्तिवाद त्यांत सापडला नव्हता. तार केकला लागू नये म्हणून ती आधी स्ट्रॉचे तुकडे खोचते आणि देठ त्यात बसवते. कापायच्या आधी सगळं उपटून बाजूला ठेवायचं, हे तिने भावाला बजावलं. तो हो म्हणाला, बहुधा दुसऱ्या फोनवरच्या माणसाला.

परभणीहून आम्ही जीपने गेलो. केक माझ्या मांडीवर होता. खड्डा आला की सगळे पुढारी तारांवर एकदम माना हलवत. त्यांच्यात एवढी एकी मी नंतर पाहिली नाही.

मंगल कार्यालयात आप्पांना फेटा, शाल आणि हार यांच्या आत बसवलं होतं. समोर केक. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले.

आप्पांना शुगर आहे. तिच्यावर उतारा म्हणून ते रोज पूजेनंतर बेलाचं एक त्रिदळ देठासकट चावून खातात. त्या दिवशी फेटेवाला पहाटेच येऊन बसल्याने ते राहिलं होतं. भाषण रंगात आलं तसं त्यांनी हात पुढे केला, केकवरचं एक त्रिदळ उपटलं, कपाळाला लावलं, गळ्यातल्या लिंगाला लावलं आणि तोंडात टाकलं. थोरल्या भावाने केलं ते करायचं म्हणून शेजारी बसलेल्या बायकोच्या येलदरीच्या चुलत्यांनीही एक उपटलं.

बायको ओवाळायचं ताट घेऊन पायरीशी उभी होती. आप्पांचा जबडा मध्येच थांबलेला तिने पाहिला आणि ती थेट मंचावर गेली. पाहुण्यांना वाटलं, आपल्यालाच ओवाळायला आली. त्यांनी बोलणं थांबवून मान पुढे केली. ती त्यांना ओलांडून आप्पांसमोर बसली.

"आप्पा, चावू नका. तार हाय त्यात. थुका."

आप्पांनी मान हलवली. लिंगाला लावलेला प्रसाद थुंकत नाहीत. चुलत्यांची भक्ती जरा कमी पडली. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि मोकळे झाले. बायको आप्पांच्या हनुवटीखाली तळवा धरून बसून राहिली. पाहुणे पुन्हा सुरू झाले. या थोर माणसाने आयुष्यात तोंडातून वावगा शब्द काढला नाही, असं ते म्हणाले, आणि त्या क्षणापुरतं ते पूर्ण खरं होतं. भाषण लांबलं ते बरं झालं, असं मी जन्मात पहिल्यांदा म्हणतो आहे. तेवढ्यात साखर विरघळली. टाळ्या वाजल्या तेव्हा आप्पांनी तीन फाट्यांची तार सावकाश ओढून लेकीच्या तळव्यावर ठेवली.

"पानं गोड हायत," ते म्हणाले. "देठ लय कडक."

मेहुण्याने रिबन बांधलेली सुरी पुढे केली. आप्पांनी सुरीकडे पाहिलं, मग बेलाकडे.

"बेल हाय त्याच्यावर. सुरी कशी लावू?"

सुरी बाजूला गेली. बायकोचा चेहरा उतरला. बेल इतका हुबेहूब साधला होता, की केक आता देवासारखाच अखंड राहणार, असं दिसत होतं.

आप्पांनी लेकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अंडं न्हाई म्हन्तीस?"

"आसतं तर बेल ठिवला आसता का मी?"

हे त्यांना पटलं. मग एकेक त्रिदळ स्वतः उपटून तिच्या हातात दिलं आणि भाकरी मोडावी तसा केकचा कोपरा बोटांनी मोडला. मोडल्याबरोबर वरचा भाग कलला आणि सगळ्यात उंच तारेवरचे प्रमुख पाहुणे तोंडावर क्रीममध्ये पडले. मेहुणा आणि फोटोग्राफर दोघेही त्यांना वर काढायला धावले. त्यामुळे आप्पांनी घास तोंडात घातला, त्याचा फोटो नाही.

बायकोने कसा लागला ते विचारलं नाही. आप्पांनी घास संपवला, बोटं चाटली आणि दुसरा तुकडा मोडता मोडता तिला समजावलं, "पन दुकानातल्या केकात अंडं आसतंय."