दामिनी सिस्टरची तोंडी परीक्षा

सक्करदऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात दामिनी सिस्टरचा दरारा होता. डॉक्टरांना न जुमानणारे पेशंट तिचा आवाज ऐकला की सरळ होत. सलाईन लावलेला हात हलवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला ती म्हणे, “मामाजी, नस सुटली तं पुन्हा टोचा लागन, मंग मले नावं ठेवू नका.” म्हातारा गपगार. आणि सुट्टी मिळून घरी निघाला की हाच म्हातारा तिचा हात हातात धरून डोळे पुसायचा.

या दामिनीला इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं मुलाखतीत पसंत केलं. जरीपटक्यातल्या तिच्या गल्लीत नर्सिंग शिकलेली तीच पहिली, आणि आता परदेशी निघालेलीही तीच. पण निवड झाली म्हणून कोणी लगेच विमानात बसवत नाही. इथल्या शिक्षणाची आणि नोंदणीची पडताळणी होते, नर्सिंगच्या ज्ञानाची परीक्षा होते, इंग्रजीची वेगळी होते, आणि तिथं पोहोचल्यावर हात चालवून दाखवायची प्रात्यक्षिकं असतात ती निराळीच. दामिनी एकेक पायरी चढत गेली आणि इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत अडकली. त्या परीक्षेत समोरचा माणूस पेशंट होऊन बोलतो आणि नर्सनं त्याला सांभाळून घ्यायचं असतं. पेशंट सांभाळण्यात जिची हयात गेली, ती नेमकी तिथंच दोनदा नापास झाली. हॉस्पिटलनं कळवलं, उन्हाळ्यापर्यंत जागा राखून ठेवतो, पुढे जमणार नाही. म्हणजे आता आणखी एकदाच परीक्षेला बसता येणार होतं.

प्रताप नगरात या परीक्षेचा क्लास घेणाऱ्या चारुशीला मॅडमनी तिला बोलतं केलं, नीट ऐकलं आणि म्हणाल्या, “तुझं इंग्रजी छान आहे गं. पण पेशंट ‘नाही’ म्हणाला की तू त्याला दटावतेस. तो नाही का म्हणतो, ते विचारतच नाहीस.”

दामिनीला ते लागलं. अख्ख्या वॉर्डाला आपण एकट्या असतो, एकेकाचं गाऱ्हाणं ऐकत बसलं तर औषधं कधी द्यायची, असं तिनं जरा तोऱ्यातच विचारलं. मॅडम रागावल्या नाहीत. तुझ्या कामात खोट नाही, पण तिथं ऐकून घेणं हेही कामातच धरतात आणि त्याला गुण देतात, एवढंच त्या म्हणाल्या. वर सल्ला दिला, की ही सवय आधी मराठीतच लाव, घरच्या माणसावर.

घरात माणूस एकच होता. तिचे वडील आनंदराव. सूतगिरणीत फिटर होते. बायको गेल्यापासून बोलणं आणखीच कमी झालेलं. त्यांची शुगर वाढली होती आणि डॉक्टरांनी इन्शुलिन लिहून दिलं होतं. पण रोज “उद्यापासून घेतो” म्हणत त्यांनी ते फ्रिजमध्येच ठेवलेलं. दामिनी रोज ओरडायची, डोळे जातील, किडनी जाईल. ते मान डोलवायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, बाबा, तुम्ही पेशंट व्हा, मी परीक्षा देते. आनंदराव दिवाणावर आडवे झाले. “कन्हायचं काय?” त्यांनी विचारलं. “कन्हू नका. फक्त नाही म्हणा,” ती म्हणाली.

“मले सुई नाही घ्यायची.”

“काहून नाही घ्यायची, बाबा?”

डोळे आणि किडनी तिच्या जिभेच्या टोकावर आलेच होते. तिनं ओठ दातांखाली दाबला आणि थांबली. ती दटावत नाही, उठूनही जात नाही, हे आनंदरावांना नवीन होतं. त्यांनी उजवा हात पांघरुणाबाहेर काढला.

“हा हात पाह्य. थरथरते. तू आहे तवर तू टोचशील. तू गेल्यावर कोण टोचन? जिंदगीभर फिटरकी केली म्या. फिटरचा हात थरथरते, हे कोणाले सांगू वं?”

इतके दिवस दामिनीला वाटत होतं, बाबा सुईला भितात. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला, कधी जास्त थरथरते? सकाळी, चहाच्या आधी, ते म्हणाले. आणि मनगट कशावर टेकलं तर? त्यांनी मनगट पोटावर टेकवून पाहिलं. थरथर बरीच कमी झाली. मग इन्शुलिनचं पेन निघालं. आधी संत्र्यावर हात बसवला, मग स्वतःच्या पोटावर. आठवड्याभरात आनंदराव तिला जवळ येऊ देईनात. “सरक तिकडं. मशीन चालू असताना फिटरले कोणी शिकवत नाई,” म्हणायचे.

परीक्षेत तिच्या वाट्याला ऑपरेशन झालेला एक माणूस आला. त्याला आत्ताच्या आत्ता घरी जायचं होतं. जुनी दामिनी त्याला पलंगावर परत झोपवून मोकळी झाली असती. ही दामिनी खुर्ची जवळ घेतल्यासारखी पुढे वाकली, त्याला कसली काळजी लागलीय ते इंग्रजीत विचारलं आणि गप्प राहिली. घड्याळ चालू होतं. पेशंट अखेर बोलला, घरी कुत्रा एकटाच आहे. दामिनीला हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं. कुत्र्याचं नाव काय, त्याला खाऊ घालायला कोण जाऊ शकेल, हे सगळं तिनं एखाद्या सोयऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, आणि मगच टाक्यांवर आली.

निकाल लागला तेव्हा ती ड्युटीवर होती. पास झाली होती, आणि चांगल्या श्रेणीत. तिनं घरी फोन केला. आनंदराव फक्त “बरं झालं” म्हणाले. पण संध्याकाळी ती स्कूटीवरून गल्लीत शिरली, तर पेढ्यांचा डबा घेऊन ते दारोदार फिरत होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेजारच्या प्रेमिलाबाई विचारत होत्या, एवढी कसली कठीण परीक्षा होती गा भाऊ?

एरवी दोन शब्दांत आटोपणारे आनंदराव उंबऱ्यावर ऐसपैस उभे राहिले. त्यांनी पडताळणीपासून सुरुवात केली, एकही पायरी गाळली नाही, आणि तोंडी परीक्षेपाशी येऊन छाती जरा पुढे काढली.

“साधी गोष्ट नाई, बाई. तिचा पेशंट मीच होतो.”