रिकाम्या पाकिटांचं वाण

मधुमतीबाईंना लखनौमध्ये अठ्ठावीस वर्षं झाली, तरी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती. इथे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. ‘येता का?’ विचारलं तर ‘जी, बिल्कुल’, ‘आवडलं का?’ विचारलं तर ‘जी, बहुत’. आणि बाई पडल्या तासगावच्या. तिकडे नको असेल तर माणूस ‘नको’ म्हणतो, वर दोन शब्दही सुनावतो. त्यामुळे होकार आला की तो होकारच, असं त्या धरून चालत.

नवरा सतीश हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाला आणि बख्शी का तालाबला घर बांधून इथेच राहिला. मुलगी जुई बंगळूरला नोकरीला गेली. ती आईशी फोनवर हिंदीतच बोलते, तो वेगळाच संताप. घरात दोन माणसांचा स्वयंपाक आटपला की बाईंचे हात शिवशिवायचे. निवृत्त फौजींच्या बायकांचं एक मंडळ आसपासच्या गावांत आरोग्याचं काम करतं, बिनपगारी. बाई त्यात शिरल्या.

काम साधं होतं. गरोदर बायकांना रक्तवाढीच्या सरकारी लाल गोळ्या मिळतात. त्या आशा बहू, म्हणजे इथली आशा कार्यकर्ती, घरोघर वाटते. त्या पोटात जातात की नाही हे मंडळाच्या बायकांनी बघायचं. मधुमतीबाईंकडे एक गाव, अकरा गरोदर बायका आणि दर मंगळवारची फेरी. बघायचं कसं, तर रिकामी पाकिटं मोजायची, फोटो काढायचा, मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा.

संक्रांतीला बाईंनी डोकं लढवलं. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात हळदीकुंकू केलं. बायकांनी असलं काही पाहिलं नव्हतं. कुंकू, अत्तर, तिळाचे लाडू आणि वर स्टीलची वाटी! सगळ्या खूश. मग बाईंनी ठरवलं, दर महिन्याला हळदीकुंकू, आणि महिन्याची, दहा-दहा गोळ्यांची तीन रिकामी पाकिटं दाखवेल तिलाच वाण. तासगावच्या बहिणीने फोनवर विचारलंसुद्धा, “अगं, संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत. तू काय बारमाही उघडलंस?” बाई म्हणाल्या, “इथे कोण पंचांग बघतंय?”

सतीशरावांनी वाट्यांचा खोका गाडीतून उतरवताना एवढंच म्हटलं, “वाण गोळी खाल्ल्याचं देतेस की पाकीट फोडल्याचं?”

“तुम्ही खोका उतरवा. अक्कल मी लावते.”

आणि लागलीही. जानेवारी, फेब्रुवारी दोन्ही महिने अकराच्या अकरा बायकांची पाकिटं रिकामी. ग्रुपवर टाळ्या पडल्या. मंडळाच्या मराठी डॉक्टर देविकाने लिहिलं, ‘शंभर टक्के! कमाल आहे काकू.’ तो मेसेज बाईंनी तासगावलाही पाठवला.

मार्चमध्ये मंडळाला बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन सांगणारं यंत्र मिळालं. बाई पहिल्याच मंगळवारी ते घेऊन निघाल्या आणि पहिलं घर गाठलं शिवरानीचं. शिवरानी सेहेचाळीस वर्षांची, दोन म्हशी, खणखणीत आवाज. तिची सून रिंकी वीस वर्षांची, आठवा महिना. रिंकीचा नवरा चाकणला कारखान्यात, म्हणजे बाईंच्या मुलखात. त्यावरून शिवरानी दर वेळी थट्टा करायची, “आप हमारे यहाँ, लड़का आपके यहाँ, अदला-बदली!”

त्या दिवशी थट्टा झाली, चहा झाला, बोट टोचून झालं. यंत्रावर आकडा आला, पाच पूर्णांक सहा.

बाईंना वाटलं, यंत्र बिघडलं. दुसरं बोट टोचलं. पाच पूर्णांक चार.

त्यांच्या हातातली रिंकीची बोटं पांढरीफटक होती. तोंडही. ओठसुद्धा. गेले चार महिने त्या दर आठवड्याला या पोरीसमोर बसत होत्या, आणि बघत काय होत्या? पाकिटं! फोटो नीट यावा म्हणून पाकिटं उन्हात धरायला लावत होत्या. पोरीचा चेहरा उन्हात धरला असता तर यंत्राची गरजच पडली नसती.

“रिंकी, तुम गोली खाती क्या?”

“जी दीदी.”

“रोज?”

“जी, रोज.” तोच गोड सूर. पण डोळे सासूकडे.

बाईंचा आवाज चढला. “मेरी तरफ देखो! उसकी तरफ क्या देखती?”

शिवरानी उठली. आत गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. बाजेवर ठेवली. “झूठ नहीं बोलेंगे दीदी, आज मंगल है. बजरंगबली का दिन.”

गेले सगळे मंगळवार कुणाचे होते, हे विचारायचंही बाईंना सुचलं नाही. बरणी गळ्यापर्यंत लाल गोळ्यांनी भरली होती. एकही गोळी पोटात गेली नव्हती. दर सोमवारी शिवरानी बसून पाकिटं फोडायची, गोळ्या बरणीत, पाकिटं दीदींना.

“फेंके नहीं हैं,” शिवरानी जणू हिशेबाने म्हणाली, “दवाई फेंकना पाप है.”

“और खिलाना? वो भी पाप है क्या?”

शिवरानीचा खणखणीत आवाज खाली आला. तिच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी याच गोळ्या नेमाने खाल्ल्या होत्या. मूल अडलं. मूल गेलं, पोर कशीबशी वाचली. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, गोळीने मूल पोटात फुगतं. “तो बहू को कैसे खिलाते, दीदी? देख-सुन के?”

“तो मुझे बोलना था ना! पहले दिन बोलना था!”

“आप इतने प्यार से बहू को टीका लगाती थीं, कटोरी देती थीं. मना करते तो आपका दिल टूट जाता.”

बाईंना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. माझं मन मोडू नये म्हणून ही पोरीला मरणाच्या दारात नेऊन बसवते? आणि तिला वाटी कुणी दाखवली? मी!

त्यांनी देविकाला फोन लावला. आकडा ऐकल्यावर ती म्हणाली, “काकू, आत्ता हॉस्पिटलला. संध्याकाळी नाही, आत्ता. या अवस्थेत कळा सुरू झाल्या आणि थोडंसं जास्त रक्त गेलं, तरी पोरगी हातची जाईल.”

सतीशराव गाडी घेऊन आले. सीतापूर रोडवर ट्रकांची रांग, अलीगंजला स्कूटरवाल्यांची गर्दी, मागच्या सीटवर रिंकी सासूच्या खांद्यावर मान टाकून. बाई दर दोन मिनिटांनी मागे वळून विचारत, “ठीक हो?” आणि रिंकी म्हणे, “जी.” तिसऱ्या ‘जी’ला बाईंना भोवळच आली. या ‘जी’चं करायचं काय?

सरकारी हॉस्पिटलात तपासणी झाली. बाळाचे ठोके चालू होते, पण आईला दोन पिशव्या रक्त लागणार होतं. रक्तपेढीतला माणूस म्हणाला, एक पिशवी आम्ही देतो, दुसरीच्या बदल्यात माणूस आणा, रक्तगट कुठलाही चालेल. रिंकीचा नवरा चाकणला, सासरा वारलेला. सतीशरावांच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसलेला.

“मी आहे की,” बाईंनी पदर खोचला. “छप्पन्न वय, वजन बासष्ट, बीपी नाही, शुगर नाही. घ्या.”

तिथल्या मुलीने बोट टोचलं, यंत्र बघितलं आणि म्हणाली, “आंटी, आपका नहीं हो पाएगा. दस पॉइंट दो है. साढ़े बारह चाहिए.”

“कुछ तो गलत है. मैं हेल्थ का काम करती हूँ.”

“जी आंटी,” मुलगी अदबीने म्हणाली, “पर खून कम है.”

सतीशराव भिंतीकडे बघत उभे राहिले. एरवी त्यांनी सोडलं नसतं. पाच वर्षं दारोदार ‘गोळी खा, पालक खा, चहावर चहा पिऊ नका’ सांगत फिरणारी बाई. स्वतः सकाळी दोन कप चहा आणि एक टोस्ट खाऊन निघायची, जेवण चारला. स्वतःचं रक्त तपासावं असं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

शिवरानी इतका वेळ कोपऱ्यात उकिडवी बसली होती. ती उठली, बाही वर सारली. “हमारा देखो.”

“डर नहीं लगता?” मुलीने विचारलं.

“लगता है. देखो.”

तेरा पूर्णांक एक! शिवरानी खुर्चीवर आडवी झाली, डोळे गच्च मिटले आणि पिशवी भरेपर्यंत हनुमान चालिसा म्हणत राहिली. बाई तिचा दुसरा हात धरून बसल्या. घाम कोणाच्या तळव्याला होता, ते सांगणं कठीण.

बाहेर आल्यावर बिस्किट खात शिवरानी म्हणाली, “दीदी, एक बात पूछें? आप अपनी गोली कौन-से डिब्बे में रखती हैं?”

बाईंनी तिच्यापुढे बिस्किटांचा पुडा सरकवला.

चौथ्या दिवशी रिंकीचं रक्त आठाच्या घरात आलं. घरी सोडलं, पण प्रसूती हॉस्पिटलातच करायची आणि गोळी चुकवायची नाही, या अटीवर. देविकाने शिवरानीला समोर बसवून अर्धा तास समजावलं, की गोळीने मूल फुगत नाही, आणि तिच्या मुलीचं मूल अडलं ते, जुन्या कागदांवरून दिसतं तसं, आडवं होतं म्हणून. शिवरानीने ‘जी’ म्हटलं नाही. तिने सहा प्रश्न विचारले. देविकाला तेवढ्यानेच धीर आला.

पुढच्या मंगळवारी बाई गावात गेल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. शिवरानीने सगळीकडे सांगून टाकलं होतं, “हमारा पास हो गया, दीदी का फेल!” शाळेच्या व्हरांड्यात बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाईंनी कुंकवाचा करंडा काढलाच नाही. सगळ्यांदेखत एक लाल गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “हाँ, फेल हूँ. और कौन फेल है?”

कोपऱ्यातली एक म्हणाली, “दीदी, हमको उलटी होती है, तो हम भैंस को दे देते हैं.” दुसरी म्हणाली, तिची गोळी सासरेबुवा ताकदीची म्हणून खातात. तिसरीने मोगऱ्याच्या मुळाशी पुरल्या होत्या. सर्वांत हुशार होती तिने रिकामी पाकिटंच शेजारच्या गावाहून मागवली होती. बायका हसत होत्या आणि बाई बोटांवर मोजत होत्या. अकरापैकी नऊ. म्हशीचं, सासऱ्याचं, मोगऱ्याचं सगळ्यांचं रक्त वाढत होतं, बायकांचं सोडून! बाईंनी त्याच जागी बसून ग्रुपवर लिहिलं, ‘माझे शंभर टक्के खोटे आहेत. नऊजणी गोळी खात नाहीत. सगळ्यांचं रक्त तपासा, तुमच्याही गावांत आणि स्वतःचंही.’ या वेळी टाळ्या आल्या नाहीत. बऱ्याच वेळाने एकीने लिहिलं, ‘माझंही तपासते.’

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी शिवरानीचा फोन आला. रिंकीला सकाळीच कळा लागल्या होत्या, मुलगी झाली. “सब बढ़िया है, दीदी.”

बाईंनी फोन ठेवला. “गाडी काढा.”

सतीशराव भात कालवत होते. “आता कशाला? बढ़िया आहे म्हणाली ना?”

“म्हणूनच काढा.”

वॉर्डात बाईंनी आधी बाळाकडे पाहिलं नाही, रिंकीकडेही नाही. पलंगाला टांगलेला कागद उचलला, चष्मा लावला आणि वाचला. रक्त गेलं होतं, बरंच गेलं होतं. उरलं होतं सात पूर्णांक नऊ. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला, नर्सला विचारून धोका टळल्याची खात्री केली, मग स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

“द्या इकडे,” त्या मराठीतच म्हणाल्या, आणि शिवरानीने पोर त्यांच्या हातात ठेवली.