सगळ्या टोल्यांचं एक नाव

समस्त इंटरनेटधारकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गोंदियातील आमच्या इंटरनेट कंपनीचा नेम सर्व्हर रोज मरत होता, रोज जिवंत होत होता, आणि या चमत्काराबद्दल त्याच्या गळ्यात झेंडूचा हारही होता.

हार दसऱ्याचा. सुकला तरी कंपनीचे मालक असलेल्या शेठजींनी काढू दिला नव्हता.

नेम सर्व्हर म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुम्ही मोबाइलवर बँकेचं नाव टाकता. मशीनला नाव कळत नाही, नंबर कळतो. नाव ऐकून नंबर सांगणारं मशीन म्हणजे नेम सर्व्हर. गावात कोणाचं घर विचारलं की पारावरचा एखादा माणूस हात करून दाखवतो ना, तसं. ते पडलं की लाइन चालू असूनही काही उघडत नाही.

आमचं ते पडत होतं. पण माझ्या आधीच्या इंजिनीअरने नोकरी सोडून नागपूरला जाण्यापूर्वी सोय करून ठेवली होती. पडलं की आपोआप उठायचं. ग्राहकाला वाटे, रेंज गेली. शेठजींना वाटे, मशीन मजबूत आहे.

"गिरता है तो उठता भी है ना?" ते म्हणायचे. "मग छेडू नका."

एके दुपारी मडावीभाऊंचा फोन आला. हे सालेकशाकडच्या एका ग्रामसभेचे अध्यक्ष. त्यांची ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकते, आणि ठेकेदारांच्या बोल्या दुसऱ्या दिवशी सकाळी, साऱ्या गावासमोर, पडद्यावर उघडायच्या होत्या.

"साहेब, आमचं नेटवरचं पान उघडलं का नेट जाऊन राहिलं. दुसऱ्याचं उघडलं तं नाही जात. उद्या असंच झालं तं ठेकेदार उठून जातीन. झाडावरचं पान थांबते का जी कोणासाठी?"

मी ऑफिसातून त्यांच्या पानाचं नाव टाकलं. बाजूच्या खोलीतून बिलिंगवाला ओरडला, "नेट गया!" मी पुन्हा टाकलं. तो पुन्हा ओरडला. त्यानंतर एकदा मी निव्वळ मजा म्हणून टाकलं.

नाव लांबलचक होतं. ग्रामसभेतल्या सगळ्या टोल्या, म्हणजे वस्त्या, एकापुढे एक जोडल्या होत्या. त्याला इलाज नाही. तिकडे एका टोलीचं नाव राहिलं तर सभा भरत नाही, भांडण भरतं.

आता खरी गोम. स्थानिक पानांची नावं मराठीत टाकता यावीत अशी सोय त्या जुन्या इंजिनीअरने सर्व्हरमध्ये जोडली होती. नाव ठेवायला त्याने मेमरीत एक पेटी केली, चौसष्ट खान्यांची. इंग्रजीत एका अक्षराला एक खाना पुरतो, म्हणून त्याने तेच गृहीत धरलं. मराठी अक्षराला तीन लागतात, आणि काना-मात्रेला वेगळे तीन. पेटी भरली की उरलेलं नाव शेजारच्या मेमरीत सांडायचं. मशीन गोंधळून आडवं.

मी शेठजींकडे गेलो. ते सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत होते.

"शेठजी, तुमच्या शेतात धानाची बांधी आहे. न मोजता पाणी सोडलं तर?"

"पाळ फुटेल. शेजाऱ्याच्या बांधीत जाईल."

"इथे शेजारच्या बांधीत मशीनला दिलेले हुकूम आहेत. मडावीभाऊंचं साधं पाणी आहे, म्हणून मशीन नुसतं पडतं. चोर मुद्दाम विष सोडेल. मग लोक बँकेचं नाव टाकतील आणि आपलं मशीन चोराच्या घराकडे हात करेल. आणि ते आपोआप उठतं ना, म्हणून चोराला हवे तितके प्रयत्न फुकट."

शेठजींनी खर्रा थुंकला.

"नाव छोटा करो. दो टोली कम," म्हणत शेठजींनी स्वतःच मडावीभाऊंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

मडावीभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोणत्या दोन गाळू, थे तुमीच सांगा शेठजी. पर इथून नाही. त्या टोलीत येऊन, उभं राहून सांगा."

शेठजींनी फोन माझ्या हातात दिला. "सॉफ्टवेअर ठीक करो. पण लिलावानंतर."

"शेठजी, लिलावातच तर ते नाव टाकणार आहेत."

दुरुस्ती छोटी होती. नाव पेटीत ओतण्याआधी मोजायचं. मावलं तर घ्यायचं, नाहीतर नम्रपणे परत करायचं. शिवाय पेटीही मोठी केली, टोल्या मावतील एवढी. दुसऱ्या मशीनवर आधी टोल्यांचं नाव दिलं. घेतलं. मग शेठजींच्या सासरच्या सगळ्यांची नावं जोडून दिली. घेतली नाहीत, आणि पडलंही नाही. शेठजींनी एवढ्या कौतुकाने मशीनकडे पाहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

संध्याकाळी जुनं काढून नवीन चढवलं. पडलं तर उठायची सोय ठेवली, पण आता उठण्याआधी मशीनने माझ्या मोबाइलवर बोंब मारायची.

सकाळी फोन स्पीकरवर ठेवून आम्ही बसलो. तिकडे मडावीभाऊंनी नाव टाकलं. बाजूच्या खोलीत शांतता. पान उघडलं, बोल्या उघडल्या, तेंदूपत्ता चांगल्या भावाने गेला. शेठजींनी उठून स्वतः हार काढला.

धडा एवढाच. रोज पडून रोज उठणाऱ्याला मजबूत म्हणू नये. का पडतो, ते विचारावं.

फोन मात्र चालूच राहिला होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ग्रामसभेचं नाव झळकत असणार, कारण मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला:

"थे सारं ठीक आहे जी, पर आमची टोली सगळ्यात मागं काऊन?"